आईच्या नावावरचे दोन योद्धे

बुचॉन, १९ ऑक्टोबर २०२५

दादा,

विकत घेतलेली, घरात आणलेली, रोज पुसून वापरलेली वस्तू आपली नसते, असं कधी होतं? आठवडाभर हा प्रश्न डोक्यात आहे आणि खरं सांगते, मला उत्तर येत नाही. आपल्या घरातली पहिली पदवी मी आणली, आई अजून ती चौकट फ्रिजवर ठेवून शेजारणींना दाखवते. पण या प्रश्नापुढे माझी पाटी कोरी आहे.

झालं ते सांगते. मंगळवारी जुन्या विंडोजची मुदत संपली. पडद्यावर पाटी आली: तुमचा संगणक नव्या विंडोजसाठी पात्र नाही. पात्र नाही! मी कॉलेजला निघाले तेव्हा तू गेम-कॅफेतून निघालेले भाग एकेक जमवून उभा केलेला संगणक. आतला एकही भाग बिघडलेला नाही. पंखा तेवढा करकरतो, तो पहिल्या दिवसापासून करकरतोय. सहा वर्षं त्याच्यावर अभ्यास केला, चित्रं काढली, तुझ्याबरोबर ‘सात लाटा’ खेळले. आणि कुठे तरी बसलेल्या चार लोकांनी ठरवलं की हा आता मेला.

मी विंडोज पुसून टाकलं आणि त्याच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घातलं. शनिवारची दुपार गेली, पण संगणक पुन्हा उठला. पहिल्यापेक्षा लवकर उठतो.

अडचण एकच, पण मोठी. ‘सात लाटा’ लिनक्सवर चालत नाही. म्हणजे खेळ चालतो. त्याच्याबरोबर येणारा पहारेकरी प्रोग्राम चालू देत नाही. विंडोज दिसलं नाही की तो मला चोर समजतो आणि दारातूनच हाकलतो.

म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘हं’ म्हणतोस आणि ठेवतोस. आपण जे काही बोलायचो ते खेळातच, किल्ल्याच्या भिंतीवर पाय सोडून बसून. ते बंद झालं, तर लिहून तरी बोलू या.

तुझी,
दा-सोम


वान्दो, २६ ऑक्टोबर

पदवीधर बाईसाहेबांस,

पत्र मिळालं. मी याआधी पत्र लिहिलं ते सैन्यातून, तेही सार्जंटने मानेवर बसून लिहून घेतलं म्हणून. आता तू बसलीस मानेवर.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. वस्तू जुनी झाली की फेकायची. संपलं. तो संगणक मी भंगारातून केला होता. भंगार होता, भंगार झाला. नवा घे. परवडत नसेल तर मी इथून बांधून पाठवतो, दुकानात भाग पडलेत. पण नाही! बाईंना तत्त्व हवं. दुपारभर बसून लिनक्सचा तो पेंग्विन पाळला म्हणे. मासे घाल त्याला.

आणि एक सांग, पोट कशावर भरतेस? तुझ्या त्या स्टुडिओत ज्या प्रोग्रामवर चित्रं रंगवता, तो विंडोजवरच चालतो ना? दिवसभर त्यांच्या ताटात जेवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायची. छान आहे.

खरं काय ते मला कळतंय. तुला खेळ पोरकट वाटायला लागलाय. तोंडावर सांगवत नाही, म्हणून लिनक्सचा आडोसा. सांगून टाक की. आठवतं का, सोळा वर्षांखालच्या पोरांचा खेळ मध्यरात्री बंद पाडायचा कायदा आला, तेव्हा मी आईचा फोन आणि आईचा नंबर टाकून दोघांची खाती उघडली होती? तू धनुर्धर हवी म्हणून रडली होतीस. अकरा वर्षांची होतीस. तुला धनुष्य मी मिळवून दिलं होतं, तीन दिवस एकाच दलदलीत बेडूक मारून.

टोळीत चाळीस जण आहेत. अर्धे आपल्या बेटावरून नोकरीसाठी निघून गेलेले. रविवारी सगळे येतात. इथे दुकानात मी कुणाचा तरी प्रिंटर उलटा करून कागद काढणारा माणूस आहे. तिथे मी हात वर केला की चाळीस माणसं थांबतात. तू येत नाहीस तर डावी भिंत उघडी पडते. सोळा नोव्हेंबरला मोठी लढाई आहे. काय ते ठरव.

दा-हान


बुचॉन, ९ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र वाचून इतका राग आला की दोन आठवडे उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुन्हा घरी तोंड दाखवता आलं नसतं.

पोटाचं म्हणशील तर तुझं बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. यांगबाईंच्या स्टुडिओत त्यांची चित्रमालिका आम्ही तिघी रंगवतो. बाईंचा चित्रांचा प्रोग्राम फक्त विंडोजवरचा. घरी लिनक्सवर मी तो एका दुभाष्या प्रोग्राममधून चालवून पाहिला. उघडला. रंग आले. पण पेनाचा दाब हरवला. हलकं टेकवलं की बारीक रेघ आणि दाबलं की जाड रेघ, हेच तर आमचं सगळं काम. दुभाष्यातून सगळ्या रेघा सारख्याच जाड. नायिकेच्या पापण्या मी घरून करून पाठवल्या. यांगबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “दा-सोम, हिला काल खराटे फुटले का?” हसले सगळे. मी पण हसले. मग स्टुडिओतल्या विंडोजपुढे बसून सगळ्या पापण्या परत काढल्या.

लिनक्सवरचे फुकट मिळणारे चित्रांचे प्रोग्राम चांगले आहेत. माझी स्वतःची चित्रं मी आता त्यांच्यावरच काढते. पण बाईंच्या फाइलमधले थर त्यात उघडले की निम्मे गळून पडतात. तेव्हा हो, रोज सकाळी मी त्यांच्याच ताटात जेवते. ताट एकच ठेवलं असेल तर जेवणाऱ्याने काय करायचं? पण म्हणून ताट चांगलं आहे असंही म्हणायचं का?

आणि ‘भंगार’? तू म्हणतोस? तूच? त्या संगणकाच्या बाजूच्या पत्र्यावर तू खिळ्याने कोरलंस, ‘गिल दा-सोम, विद्यार्थिनी’. मी शिकायला निघालेली आपल्या घरातली पहिली, म्हणून तू महिनाभर कॅफेतून उशिरा यायचास. दुसऱ्या कुणी त्याला भंगार म्हटलं असतं तर मी भांडले असते. तुझ्याशी कसं भांडू?

सोळाला मी येते. डावी भिंत मी धरते. कशी येते ते विचारू नकोस.

दा-सोम


वान्दो, १७ नोव्हेंबर

अगं ए धनुर्धर!

काय लढलीस! त्या मोक्पोच्या टोळीचा म्होरक्या भिंतीवरून खाली कोसळला तेव्हा मी दुकानात एवढ्याने ओरडलो की बाहेर शिंपले विकणारी बाई आत डोकावली. “वीज बसली का रे?” म्हणे.

किल्ला आपलाच राहिला. सगळे तुला विचारत होते. मी म्हटलं, बहीण आहे, येणारच.

तर शेवटी नवा संगणक घेतलास. शहाणी झालीस. बोलून दाखवू नकोस, मी पण बोलणार नाही. जुना टाकू नकोस मात्र, इकडे पाठव.

दा-हान


वान्दो, २५ नोव्हेंबर

दा-सोम,

काय केलंस तू?

शनिवारी आईच्या फोनवर ‘सात लाटा’च्या कंपनीचा निरोप आला. आई कारखान्यात होती. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाली, “बाळा, हे बघ रे, मी काय लबाडी केली म्हणतात.” निरोपाची सुरुवात अशी: ‘शूर योद्धा मा सुन-रे, आपण अनधिकृत साधनाने खेळात प्रवेश केल्याचे आढळले आहे.’ आई चष्मा लावून तीन वेळा वाचत होती. शूर योद्धा!

दोन्ही खाती बंद. तुझं आणि माझं, दोन्ही. दोन्ही तिच्या नावावर ना! मी काही केलं नाही, मी दुकानातल्या चांगल्या विंडोजवर बसून खेळत होतो आणि माझं चौदा वर्षांचं पात्र कुलपात पडलंय. टोळीला म्होरक्या नाही. रविवारी मोक्पोवाले आले आणि किल्ला घेऊन गेले. चाळीस जण मला फोन करून विचारतायत, दा-हान, तू लबाडी केलीस? लहानपणापासूनचे मित्र विचारतायत!

आता सुटायचा रस्ता असा आहे: खातेदाराने स्वतःच्या हाताने पश्चात्तापपत्र लिहायचं. मी नियम मोडला, मला लाज वाटते, पुन्हा करणार नाही. फोटो काढून पाठवायचं. दहा डिसेंबरपर्यंत. नाहीतर दोन्ही खाती कायमची जातील. आई लिहायला तयार आहे.

तू फक्त सांग, नवा संगणक घेतला होतास की नाही?

दा-हान


बुचॉन, २७ नोव्हेंबर

दादा,

नाही घेतला.

मी लिनक्सच्या आत एक खोटं यंत्र उभं केलं. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, फक्त प्रोग्रामने बनवलेला. त्यात नवं विंडोज घातलं आणि त्यातून खेळात शिरले. पहारेकऱ्याला वाटलं विंडोज आलं. काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं असणार. मी एकही बाण खोटा मारला नाही. नेम माझा होता, हात माझा होता. पण लबाडी करणारे लोकही अशाच खोट्या यंत्रातून येतात, म्हणून त्यांच्या लेखी येणारा प्रत्येक जण लबाड.

दोन्ही खाती एका नावावर आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या गळ्यापर्यंत हे येईल असं वाटलं असतं तर मी पाऊल ठेवलं नसतं. तुला आधी सांगायला हवं होतं. चूक माझी, तेवढी पुरती माझी.

पण पश्चात्तापपत्र आई लिहिणार नाही.

तू तेव्हा सैन्यात होतास. आईच्या कारखान्यात गिमचं समुद्री शेवाळ वाळवायच्या भट्टीचा पट्टा अडकला आणि पूर्ण घाण्यातलं शेवाळ करपलं. पट्टा जुना होता, आईने आधी दोनदा सांगितलं होतं. तरी मुकादमाने तिच्याकडून पश्चात्तापपत्र लिहून घेतलं. स्वयंपाकघरातल्या बसक्या टेबलाशी बसून तिने लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही म्हणून फाडलं, पुन्हा लिहिलं. मी समोर बसून शाळेचा निबंध लिहीत होते. तिने मला विचारलं, “सोमे, ‘बेजबाबदारपणा’ कसा लिहितात गं?” मी सांगितलं. मी तिला तो शब्द लिहायला शिकवला, दादा.

आता पुन्हा? पुन्हा दुसऱ्याच्या यंत्रासाठी आपली आई मान खाली घालून लिहिणार? जिने तो खेळ उघडूनही पाहिला नाही, ती लिहिणार की मला लाज वाटते? कुणाची लाज? त्यांनी सांगितलं, हा संगणक मेला, मान्य करा. त्यांनी सांगितलं, तुम्ही चोर; मान्य करा. मान्य करणारे आपणच का नेहमी? आणि तू, दादा, एका किल्ल्यासाठी, पडद्यावरच्या दगडांसाठी तिला टेबलाशी बसवतोस?

कंपनीला मीच पत्र लिहिलं आहे, सगळं खरं खरं. उत्तर आलं: ‘आपण खातेदार नाही. खातेदारानेच संपर्क साधावा.’

दा-सोम


वान्दो, १ डिसेंबर

तू बोलूच नकोस.

दगडांसाठी म्हणालीस ना? बरं. दगडांसाठी. तू शहरात माणसांत बसतेस. मला दगड पुरे.

आई लिहिणार आहे. येत्या रविवारी. नाव तिचं आहे, तू कोण थांबवणारी?

दा-हान


वान्दो, ३ डिसेंबर

माझ्या सोमेस,

डब्यात किमची आहे, वरचा थर लगेच खा, खालचा मुरू दे. मुळा या वर्षी गोड निघाला. गिमची पुडकी यांगबाईंना दे, सगळी एकटी खाऊ नकोस. डब्याच्या झाकणावर हे पत्र चिकटवते आहे, ओलं झालं तर वाळवून वाच.

तुम्हा दोघांचं भांडण मला कळतंय. दा-हान भाताचं भांडं आपटतो. तू फोनवर “आई, तू नाही लिहायचंस” एवढंच म्हणतेस. लिहायला मला काही वाटत नाही गं. एकदा लिहिलं, दोनदा लिहीन. बोटं झिजत नाहीत. राग मात्र येतो. मी आयुष्यात कुणाच्या शेतातला कोबी उचलला नाही, आणि शेजारची सोनबाई विचारते, “काय गं, तू चौऱ्याऐंशी पातळीची धनुर्धर आहेस म्हणे, पोलीस येणार का?” मी म्हटलं, आले तर बाण मारीन.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नसावी असं वाटतं म्हणून लिहिते. निरोप माझ्या फोनवर आला होता ना, तो मी परवा सावकाश पूर्ण वाचला. खाली बारीक अक्षरात आणखी एक वाक्य आहे. ज्या खात्यातून गडबड झाली ते एक खातं खातेदाराने कायमचं मिटवलं, तर दुसरं लगेच मोकळं होईल. पत्रबित्र काही नको.

मी दा-हानला म्हटलं, अरे, हे बरं आहे की, तुझं तुला मिळेल. तर म्हणाला, “ते वाक्य नाही.” मी म्हटलं, असं काय, छापलंय ना! तर म्हणाला, “आई, ते खातं तिचं आहे. ते मिटवलं की ती परत कधी यायची नाही.” आणि चपला घालून दुकानात गेला. जेवलाही नाही.

मला खेळातलं कळत नाही. पण तो दगडांसाठी रुसलेला नाही एवढं कळतं.

रविवारी मी लिहायला बसणार आहे. कागद आणून ठेवलाय.

थंडीत पायात मोजे घाल.
आई


बुचॉन, ७ डिसेंबर

दादा,

हे वाचून तू चिडशील. चिड. भाताचं भांडं आपट, फक्त आईचं मोठं आपटू नकोस, त्याला आधीच पोचा आहे.

आईचं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचलं आणि आधी तुझाच राग आला. इतका, की स्टुडिओत त्या दिवशी पेन जरा जास्तच दाबलं जात होतं. ते वाक्य तू माझ्यापासून लपवलंस. मी तुला किल्ल्यावरून बोलले आणि तू गप्प राहिलास. ‘मला दगड पुरे’ असं लिहून मोकळा झालास. सांगायचं ना, गाढवा, की माझी जागा जायला नको म्हणून तू आईला टेबलाशी बसवत होतास! मी तुला स्वार्थी समजत होते. तू मला शिष्ट समजत होतास. मी तो संगणक टाकत नाही तो तू केला म्हणून, आणि तू म्हणतोस मला तुझ्यापासून सुटायचं होतं. चौदा वर्षं एका भिंतीवर शेजारी बसलो आणि आपल्याला एकमेकांचं एवढंच कळलं.

पण तुझं माझ्यावरचं प्रेम आईच्या हाताने लिहिलेल्या माफीवर उभं राहणार असेल, तर मला ते नको. असं वाचायला वाईट वाटतं, माहीत आहे. लिहायलाही वाटलं.

कंपनीला मी माफ केलेलं नाही. खातं पुसायची सक्ती त्यांची आहे, माझी नाही. माझा नेम खोटा नव्हता हे मी मरेपर्यंत सांगेन. लिनक्सवर असेच हाकलले गेलेले खूप जण आहेत, त्यांच्या इंटरनेटवरच्या फळ्यावर मी सगळी हकीकत लिहिली आहे, तारखेसकट, आपली नावं वगळून. कुणाच्या तरी उपयोगाला येईल. नाही आली तरी लिहिलेली राहील.

ती बेडकांची दलदल, धनुष्य, डावी भिंत, सगळं एकदा बघावं असं वाटत होतं. खातं कुलपात, त्यामुळे तेही नाही. तुझं दार उघडलं की भिंतीवर जा. माझ्या जागेवर टोळीतल्या त्या नव्या मुलीला बसव, तिचा हात स्थिर आहे. तिला सांग, वारा डावीकडून असला की नेम जरा वर धरायचा.

आणि पुढच्या शनिवारी मी येते आहे. संगणक पाठीवर घेऊन. त्याचा पंखा तूच बसवला होतास, तूच उघड. तो तुझ्या दुकानात उघडा पडलेला असेल आणि शेजारी तू असशील, तेव्हा तुला ‘हं’ म्हणून फोन ठेवता येणार नाही.

आता झालं ते.

आज दुपारी आईला फोन केला. ती टेबलाशी बसली होती, कागद पुढ्यात. म्हटलं, “आई, तुझ्या फोनवर आकडे येतील, तेवढे वाचून दाखव.” खातेदाराची ओळख पटल्याशिवाय तो कारभार पुढे सरकत नाही, तुला माहीतच आहे. आकडे आले. तिने चष्मा लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “सोमे, हे आकडे माफीचे आहेत की निरोप घ्यायचे?”

मी म्हटलं, “निरोप घ्यायचे.”

तिने एकेक आकडा सावकाश वाचला. मी न सांगता सगळे पुन्हा एकदा वाचले. मागे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. “कागद चांगला आहे, वाणसामानाच्या यादीला होईल,” म्हणाली.

मी आकडे भरले. ‘आपला योद्धा कायमचा नष्ट होईल, खात्री आहे?’ असं विचारलं. तुझ्या संगणकावर बसले होते, पंखा करकरत होता, लिनक्सच होतं. इतके दिवस ज्या दारातून त्यांनी मला आत घेतलं नाही, त्याच दारातून बाहेर जाताना त्यांच्या पहारेकऱ्याने एक शब्द विचारला नाही. विंडोज आहे का, यंत्र खरं की खोटं, पात्र की अपात्र, काही नाही. मी कळ दाबली आणि पहिल्या फटक्यात चाललं.

दा-सोम